तिसऱ्या मॅचनंतरची छंटनी

त्याचं नाक माझ्या कपाळावर फुटलं, तो आवाज मला अजून आवडतो. खोटं कशाला बोलू? अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज होता. तो गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात तोंडावर धरले, बोटांच्या फटींतून रक्त गळायला लागलं आणि मला जे समाधान वाटलं ते नंतर आयुष्यात फार कमी वेळा वाटलं. त्या समाधानापायी माझी नोकरी गेली, असं बनारसमध्ये अजून सांगतात. सांगोत बापडे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहरातल्या एका मोठ्या कारखान्याची फुटबॉल टीम होती, तिचा मी डावा बॅक. पगारी खेळाडू. एका मोसमाचा करार, आणि मोसम नीट काढला तर कारखान्यात पक्की नोकरी. रामघाटच्या गल्लीतली आमची बाकी मराठी पोरं संहिता घोकत होती, यजमान सांभाळत होती, नाहीतर बँकेच्या परीक्षेला बसत होती. मी लोकांच्या नडग्या फोडत होतो. बॉल सापडला तर बॉल, नाही सापडला तर माणूस, एवढंच माझं शास्त्र. टीमचा ट्रेनर होता माझा सख्खा मोठा भाऊ. वडील गेल्यावर घर त्यानंच ओढलं, बूट बांधायलाही त्यानंच शिकवलं आणि पहिली कानफटातही त्यानंच दिली.

मोसम दसऱ्यानंतर सुरू व्हायचा आणि तिसरी मॅच झाली की छंटनी, म्हणजे नको असलेल्या खेळाडूंची गळती. आमच्या टीमची छंटनी म्हणजे अजब तमाशा. कारखान्याचे स्पोर्ट्स ऑफिसर, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे, गोलपोस्टला टेकून खुर्चीत बसायचे. टीम समोर जमिनीवर. एकेकानं पेनल्टीच्या ठिपक्यावर जाऊन उभं राहायचं, आणि त्याच्या शेजारच्या जागेवर खेळणाऱ्यानं सगळ्यांदेखत त्याचा दोष सांगायचा. दोष नाही सांगितला तर सांगणारा बाद. त्यावर ट्रेनर शेवटचं बोलणार आणि साहेब हात हलवून 'बैठो' किंवा 'जाओ' म्हणणार. जो 'जाओ' तो त्याच दिवशी किट ठेवून घरी. दोस्त्या तुटायच्या त्या दिवशी. एकदा तर दोन मिडफिल्डर तिथंच एकमेकांच्या झिंज्या धरून लोळले होते.

त्या वर्षी माझा डावा गुडघा गेला होता. मोसमाआधीच्या सरावात ओल्या मैदानावर वळलो आणि आत काहीतरी तुटलं. डॉक्टरकडे गेलो असतो तर कारखान्याला कळलं असतं. म्हणून दादा रोज सकाळी रुईची पानं तव्यावर गरम करून बांधायचा, वर आंबेहळदीचा लेप, वर पट्टी, वर मोजा. सरळ पळता यायचं. डावीकडे वळलो की गुडघा खिळखिळ्या पाटासारखा हलायचा. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. मला काहीही करून तीन मॅच काढायच्या होत्या. पक्की नोकरी हाताशी आली होती, आणि गुडघा पुढं बरा होईल अशी आमची आपली भाबडी समजूत.

आता आमची युक्ती ऐका. मैदानावर दादा मला सूचना द्यायचा त्या मराठीत. 'हिंदीत ओरडलं की अख्ख्या बनारसला कळतं,' तो म्हणायचा, 'मराठीत ओरडलं की फक्त तुला.' खरंच होतं ते. आमची मराठी आमच्या गल्लीबाहेर कुणाला कळायचीच नाही. बाजारात आई भाजीवाल्यासमोर त्याच्याच वांग्यांना बिनधास्त नावं ठेवायची. आम्हा भावांना तर वाटायचं, देवानं ही भाषा आमच्याच गल्लीसाठी करून ठेवलीय. पहिल्या दोन मॅच आम्ही अशाच मारून नेल्या. 'डावा सांभाळ!' दादा लाइनीवरून बोंबलायचा. 'त्याला बाहेरून जाऊ दे, तू वळू नकोस, गुडघा निखळेल!' लोक हसायचे. त्यांना वाटायचं मंत्र म्हणतोय.

तिसरी मॅच दुसऱ्या शहराच्या टीमशी होती. त्यांनी त्या मोसमात नवा फॉरवर्ड आणला होता, काळा, बुटका, मांडीनं दांडगा. हाफटाइमपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. नुसता ऐकत होता, हे आता कळतं. दादा आपला कंठ फोडून ओरडतोय, 'डावा सांभाळ, डाव्यावर भार नको,' आणि हा पठ्ठ्या माझ्या चारच हातांवर उभा.

हाफटाइमनंतर त्यानं बॉल घेतला, थेट माझ्यावर आला आणि बॉल सोडून माझ्या डाव्या गुडघ्यावर बुटाचा तळवा हाणला. रेफरी पाठमोरा. मी पडलो. तो माझ्यावर वाकला, उचलायला हात दिला आणि हसून म्हणाला,

"काय भावा, गुडघा लई दुखतोय व्हय?"

कोल्हापूर! अख्ख्या हिंदुस्थानात फुटबॉलसाठी जीव टाकणारं आमच्या भाषेचं एक गाव, आणि त्यातला एक राक्षस त्यांनी नेमका आमच्यासमोर आणून उभा केला होता. मी लाइनीकडे पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "दादा, गप्प बस! याला कळतंय!" पण कडेचे लोक एवढा कल्ला करत होते की दादाला काही ऐकू गेलं नाही. मी ओरडतोय म्हणजे दुखतंय, असं समजून तो आणखी जोरात ओरडला, "डाव्या गुडघ्यावर उठू नकोस रे!"

मग सुरू झालं. एकदा कोपरानं बरगडीत, एकदा टाचेनं पोटरीवर, आणि संधी मिळेल तेव्हा गुडघ्यावर. मीही त्याची नडगी सोलली, पंजा तुडवला, कानात आईबहिणीचा उद्धार केला, तोही मराठीत, कारण आता लपवायचं काय राहिलं होतं! मॅच संपत आली तेव्हा आमच्या गोलसमोर त्यानं पुन्हा तोच तळवा घातला. या वेळी गुडघा सरळ बाहेरच्या बाजूला गेला. डोळ्यांपुढं पांढरं झालं. तो परत वाकला, परत हात दिला. मी हात धरला, उठलो आणि त्याच हातानं त्याला ओढून कपाळ त्याच्या नाकावर घातलं.

रेफरीनं नेमकं तेवढंच पाहिलं. लाल कार्ड, पेनल्टी, गोल. आम्ही हरलो. लोक मैदानात घुसले, विटा आल्या, आमच्या स्टॉपरचा, म्हणजे माझ्या शेजारी खेळणाऱ्या मधल्या बॅकचा, कान फाटला, कुणाची तरी सायकल कुणाच्या तरी डोक्यावर बसली. पोलिसांच्या लाठ्या पडल्या तेव्हा कुठं शांतता झाली.

आणि त्याच संध्याकाळी छंटनी. साहेबांना नियम म्हणजे नियम.

मी ठिपक्यावर उभा राहिलो. मोज्याच्या आत गुडघा फुगून कलिंगड झाला होता, पण त्या दिवशी सगळेच लंगडत होते. शेजारचा स्टॉपर फाटक्या कानावर रुमाल धरून म्हणाला, "साहब, आदमी अच्छा है, गुस्सा तेज है." बिचाऱ्यानं जमेल तेवढं पांघरूण घातलं. साहेब माझ्याकडे पाहत म्हणाले, "लात सब खाते हैं. नाक क्यों तोड़ी?"

काय सांगणार? गुडघा सांगितला तर मी लंगडा म्हणून बाद. गुडघा त्या फॉरवर्डला कसा कळला हे सांगितलं तर दादा बाद, आणि दादा बाद म्हणजे घराची चूल बंद. मी दादाकडे पाहिलं. तो बोलेल, मला खात्री होती. म्हणेल, साहेब, चूक माझी, मीच गावभर ओरडत होतो. निदान एवढं तरी म्हणेल की याला आज दिवसभर तुडवलाय.

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "गरम दिमाग का है, सर. हटा दीजिए."

"जाओ," साहेब म्हणाले.

आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही आणि मला चालवत नव्हतं, म्हणून दादानं राजघाटाहून नाव केली. पंचगंगा गेला, बालाजी घाट गेला. मग मी एकदम उसळलो. "तू सांगितलं का नाहीस?"

"गुडघा गेलेला बॅक म्हणून काढलं असतं तर कुठलीच टीम तुला दारात उभं करणार नव्हती," दादा म्हणाला. "तापट म्हणून काढलंय. तापट बॅक सगळ्यांना पाहिजे असतो. गुडघा बरा झाला की बोलावतील."

"आणि तू ओरडलास त्याचं काय?"

त्यानं वाकून माझ्या गुडघ्याची पट्टी सैल केली.

"खरं सांग. माझ्यासाठी बोललास की स्वतःची नोकरी वाचवायला?"

"दोन्हीसाठी," दादा म्हणाला.

मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. तो पडता पडता वाचला, नाव हेलकावली, आणि नावाडी भडकून म्हणाला, "ए गुरू, लड़ना है तो उतर के लड़ो!" दादाचा ओठ फाटला होता. त्यानं गंगेच्या पाण्यानं तो धुतला आणि नावाड्याला नाव रामघाटाला लावायला सांगितली. मला त्याची इतकी चीड आली होती की तो मेला असता तरी चाललं असतं, असं त्या घटकेला अगदी खरं वाटलं.

घाटावर पुराचा गाळ अजून तसाच होता. खालच्या पायऱ्या चिखलानं मढलेल्या, वर चढण उभी. मी एक पाय टाकला आणि कोसळलो. दादा माझ्यापुढं पाठ करून बसला. मला त्याच्या पाठीवर चढायचं नव्हतं. पण दुसरा काय उपाय होता?

तो चढायला लागला आणि मी त्याला मारायला. खांद्यावर, मानेवर, पाठीत, हात पोचेल तिथं. रडत होतो, शिव्या देत होतो, 'दोन्हीसाठी काय, दोन्हीसाठी काय' म्हणत गुद्दे घालत होतो. तो घसरायचा, सावरायचा, पुन्हा चढायचा. एकदाही 'थांब' म्हणाला नाही.

गुडघा कधीच बरा झाला नाही. कुठल्याही टीमनं बोलावलं असतं तरी काही उपयोग नव्हता. पण त्या संध्याकाळी आम्हाला ते कुठं ठाऊक होतं? पायऱ्या संपून गल्ली लागली, तिथं डावीकडची भिंत एकदम जवळ येते. दादा थांबला. त्यानं आधी पुढं बघितलं, मग मागं, आणि कुणी नाही अशी खात्री झाल्यावर अगदी हळू म्हणाला,

"डावा सांभाळ."

मी त्याच्या पाठीत आणखी एक गुद्दा घातला आणि डावा पाय आत घेतला.