चिरनेरला पोटदुखी घेऊन

आमच्या इतिहासाच्या मॅडम म्हणजे अजब रसायन. तृतीय वर्षाचं शेवटचं मनोगत, विषय ‘या तीन वर्षांत मी काय शिकले’. साधं वर्गात उभं राहून पाच मिनिटं बोलायचं, गुण घ्यायचे, सुटायचं. पण नाही! मॅडम म्हणाल्या, "चिरनेरला जाऊ. ज्या जंगल सत्याग्रहावर दोन-दोन प्रश्न लिहिलेत, ते गाव तरी बघा."

वर्ग खूश. एक उज्ज्वला सोडून.

सहलीच्या सकाळी तिचा फोन आला. "मना नाय जमनार. माजा पोट दुखते."

ही पोटदुखी मला चांगली ठाऊक. उज्ज्वलाचं गाव पनवेलच्या पलीकडे, गाढी नदीच्या अंगाला. घरी सगळे आगरी बोलतात. माझ्याशी ती त्याच भाषेत धो धो बोलते. कॉलेजात मात्र तिनं ठरवलं, शुद्ध बोलायचं. आपण ‘आमी’ म्हणतो ते ‘आम्ही’ असतं, ‘तुमी’चं ‘तुम्ही’. म्हणजे म आला की ह लावायचा, एवढा सोपा नियम तिनं स्वतःच काढला, आणि पहिल्या वर्षी भर वर्गात म्हणाली, "गावात पाण्याची कम्हतरता होती." झालं! तेव्हापासून मागच्या बाकांवर तिचं नाव ‘कम्ही’. त्यानंतर ती वर्गात ‘हजर’च्या पुढे बोलली नाही. लेखी परीक्षेत आमच्या सगळ्यांच्या पुढे, तोंडीला मुकी. आणि या बाईला व्हायचंय काय? शिक्षिका! गेल्या महिन्यापासून तेही बंद. "मी बी.एड. नाय करनार. बोलता येत नाय ती पोरांना काय शिकवनार?" असं म्हणायची आणि विषय बदलायची.

"स्कूटर काढतेय," मी फोनवर म्हटलं. "करंजाड्याला ये. पोट तिथं घेऊन ये आणि वाटेत दुखव."

आली बिचारी. तोवर कॉलेजची बस गेली होती, त्यामुळे आम्ही दोघी स्कूटरवरूनच निघालो.

आता रस्त्याचं सांगते, जाणार असाल तर कामी येईल. पनवेलहून गव्हाण फाटा, तिथून दिघोडे, मग चिरनेर. अंतर फार नाही, पण हा न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरचा इलाका. तुमच्या डाव्या हाताला अख्ख्या चाळीएवढा ट्रेलर, उजव्या हाताला दुसरा, आणि मध्ये आपण जीव मुठीत धरून. सकाळी लवकर निघा, तोंडाला ओढणी बांधा, खड्ड्यांना शिव्या मनातल्या मनात द्या, कारण तोंड उघडलं की धूळ आत जाते. दिघोडे सोडलं की डोंगर जवळ येतात, झाडी दाटते आणि वारा एकदम गार लागतो. तिथं टपरीवर आम्ही वडापाव खाल्ला. तिखट चटणी, वर तळलेली मिरची. पोट दुखणाऱ्या बाईनं दोन खाल्ले.

"पोट कसंय?" मी विचारलं.

"गप गो," ती म्हणाली.

चिरनेर मला आवडलं. गणपतीचं जुनं देऊळ आहे, शेजारी तळं आहे, आणि मातीच्या भांड्यांची दुकानं आहेत. मडकी, तवे, थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावायला लागणारी मोठी मडकी, सगळं मांडलेलं. घेणार असाल तर बोटानं वाजवून घ्या आणि परतताना स्कूटरच्या पुढ्यात ठेवू नका, आमचा एक तवा शहीद झाला. शहीद हा शब्द त्या गावात असा गमतीत वापरू नये, हे तिथल्या स्मारकापुढे उभं राहिल्यावर कळलं. इंग्रजांचा जंगलाचा कायदा मोडायला गावोगावची माणसं जमली आणि गोळीबार झाला, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतंच. पण स्मारकावर कोरलेली आडनावं माझ्या वर्गाच्या हजेरीतली वाटत होती.

मॅडमनी जवळच्या झाडाखाली सगळ्यांना गोल बसवलं. त्याच सावलीत मडकी विकणाऱ्या एक मावशी टेकल्या होत्या. "बसू द्या त्यांनाही," मॅडम म्हणाल्या.

एकेक जण बोलू लागलं. बहुतेकांनी पाठ करून आणलेलं. मीही त्यातलीच, ‘दृष्टिकोन व्यापक झाला’ वगैरे. पनवेलच्या कापडवाल्यांची सुमय्या मात्र मजा आणून गेली. म्हणाली, "आमच्या घरी उर्दूत इतिहासाला तारीख म्हणतात. मला वाटायचं, म्हणूनच पेपरात सारख्या तारखा विचारतात! आता कळलं, तारखेच्या मागे माणसं असतात."

मग उज्ज्वला. उठली, ओढणी दोन वेळा सारखी केली.

"आदरणीय मॅडम," तिनं सुरुवात केली. "त्या काळात लोकांजवळ सरपण कम्ही..."

पलीकडून एक मुलगा फिसकन हसला. उज्ज्वला थांबली. तिचा चेहरा पार उतरला आणि नजर बसकडे गेली. मी उठणारच होते, तेवढ्यात त्या मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "ही कम्ही कोन गो? तिच्याजवल सरपन व्हता का?"

क्षणभर कोणालाच कळेना. मग सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली ती उज्ज्वला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तीन वर्षं ज्या शब्दानं तिला जाळलं, त्याची कोणी बाईच झाली होती.

"मावशे, कम्ही नाय, कमी. कमी गो!"

"मंग तसा बोल की. मना कसा समजनार?"

उज्ज्वलानं मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "त्यांना समजेल असं सांग. मलाही समजेल."

आणि ती बोलली. मावशींकडे बघून.

"पुस्तकान एक शब्द हाय, वनोपज. पयल्या वर्साला मी त्याची व्याख्या पाठ केली. मना वाटला, काय तरी महाग वस्तू असंल, औषदाची वगैरे. पेपरान लिवली, पैकीच्या पैकी मार्क. आन यंदा वाचताना एकदम समजला, वनोपज म्हंजे फाटी, सरपन. आमची आय डोंगरावरशी डोक्यावर आनते ती फाटी! घरी जाऊन आयला सांगितला, आय, तू वनोपज आनतेस. ती बोलली, मेले, आदी चूल पेटव."

मावशी खो खो हसल्या. उज्ज्वला थांबली नाही.

"इथली मानसा फाट्यांसाटी उभी रायली, आमच्यासारकीच. मी तीन वर्सा आमचाच इतिहास वाचत व्हते, आन मना वाटत व्हता, तो दुसऱ्या कोनाचा हाय. ह्याच शिकले मी."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? मघाशी हसलेला मुलगाही मान खाली घालून टाळ्या वाजवत होता.

परतताना उन्हं तिरपी झाली होती आणि कंटेनरची रांग सकाळपेक्षा लांब. उज्ज्वला मागे बसून अखंड बोलत होती, निम्मं मला ऐकूही येत नव्हतं.

माझ्या घरी पोचलो. माझ्या मनात सारखं येत होतं की माझं भाषण मला आत्ताच आठवत नाही, आणि तिचं मी म्हातारी झाले तरी विसरणार नाही. पुस्तक किती वाचलं यापेक्षा ते कुठं येऊन लागलं हे महत्त्वाचं, एवढं मी या सहलीत तिच्याकडून शिकले. हे मनोगतात सांगायला हवं होतं, पण गुण देऊन झाले होते.

आईनं दार उघडलं आणि विचारलं, "काय गं, कसं झालं?"

मी काही बोलायच्या आत उज्ज्वला म्हणाली, "काकू, पयला चाय टाका, मंग सगला सांगते." आजवर ती माझ्या आईशी ‘हो काकू’, ‘नको काकू’च्या पुढे गेली नव्हती. आईनं लगेच आधण ठेवलं.

चहा झाला, सगळं सांगून झालं. आईनं हळूच विचारलं, "मग बी.एड.चं काय?"

"करनार."

"आणि पोरांना शिकवणार कुठल्या भाषेत?"

उज्ज्वलानं कप खाली ठेवला. "आदी त्यांच्या," ती म्हणाली, "मंग पुस्तकाच्या."