ओव्याची धुरी आणि पाच अंक

लेकीच्या छातीसाठी आम्ही पिंपरी सोडली आणि मावळात, वराळ्याला फ्लॅट घेतला. मावळची हवा चांगली, हे मी लहानपणापासून ऐकत आले. लोणावळ्याला लोक हवापालट करायला यायचे म्हणे. कुठली हवा न् कुठलं काय! बाल्कनीसमोर तीन इमारती उठत होत्या, कंपन्यांकडे जाणारे ट्रक दिवसभर धूळ उडवत होते. सकाळी पुसलेल्या ग्रिलवर दुपारी परत बोट उमटायचं. आगीतून उठून फुफाट्यात पडलो, दुसरं काय. पण मी रडत बसणाऱ्यातली नाही. मी सगळ्या खिडक्या गच्च लावून घेतल्या.

लेक सात वर्षांची. खोकला काही हटेना. सोसायटीतल्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायला गावातल्या एक मावशी यायच्या. एकदा जिन्यात त्यांनी मला अडवलं.

"बाई, तुमी शिकलेल्या बाया नुसती औषधं पाजता. ओव्याची धुरी द्या. लसणाची सालं टाका. छाती मोकळी हुती का न्हाई बघा."

मला पटलं. लहानपणी मलाही धुरी दिलेली होती, तो वास आला की अजून आईच्या कुशीत गेल्यासारखं वाटतं. मग रोज संध्याकाळी बुद्धवंदना झाली की मातीच्या भांड्यात गोवरीचा निखारा, वर ओवा आणि सालं. लेक पाटावर बसायची, मी तिच्या डोक्यावरून टॉवेल टाकायचे. आणि वर स्वतःची अक्कल! शाळेत विज्ञान शिकवते ना मी.

"नाक चोंदलंय ना? मग तोंडाने घे. खोल घे. आत धर, मी पाच मोजते."

ती डोळे मिटून, गाल फुगवून धरायची. पाच झाले की खो-खो खोकायची. मी म्हणायचे, "बघ, कफ सुटतोय." सगळा हिवाळा हे चाललं.

एका रविवारी वलवणला गेलो. धरणाकडच्या चढावर सोबत आलेली सोसायटीतली पोरं पळत पुढे गेली आणि ही मध्येच खाली बसली.

"आई, माझी हवा संपली."

तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. तशीच उचलून तळेगावच्या डॉक्टरबाईंकडे नेली. त्यांनी विचारलं, घरात धूर होतो का? मी तोऱ्यात म्हणाले, "छे! खिडकीसुद्धा उघडत नाही. फक्त धुरी देते."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी कागदावर फुप्फुसांचं चित्र काढलं, मी फळ्यावर काढते तसंच. म्हणाल्या, "जाड धूळ नाकाघशात अडकते. धुरातले कण फार बारीक, ते टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात. मुलांच्या नळ्या अरुंद, त्यांचा श्वास भराभर. त्यात तोंडाने घेतला की नाकाची चाळणीही गेली."

"आणि श्वास रोखून धरला तर?"

"तर कणांना आत बसायला वेळ मिळतो. का हो?"

मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

घरी येताना नुसता संताप होत होता. हिरव्या डोंगरांचे फोटो दाखवून फ्लॅट विकणाऱ्यांचा, ओव्याच्या त्या लाडक्या वासाचासुद्धा. सगळ्यांनी मिळून मला फसवलं होतं. मावशी जिन्यात भेटल्या, तर त्यांच्यावर तोंड टाकलं. काय काय करून बसले ते सगळं ओरडून सांगितलं. त्या बिचाऱ्या घाबरल्या.

"माज्याबी पोरांना दिली की वो बाई. पन हवा येती तितं, दारात. आन् पाच मोजायला म्या न्हाई सांगितलं."

खरंच नव्हतं सांगितलं. कुंपणच शेत खातं म्हणतात. कुंपण मी होते.

संध्याकाळी मी वाफाऱ्याचं यंत्र आणि औषध लावत होते. मागे वळले, तर लेक नेहमीच्या जागी पाटावर बसलेली. टॉवेल तिनेच डोक्यावर घेतला होता.

"धुरी बंद," मी म्हणाले. "तिनेच तुझी छाती बिघडली."

तिने टॉवेल काढला. 

"म्हणजे मी श्वास चुकीचा घेत होते?"

"नाही गं राणी. अगदी बरोबर घेत होतीस. मी सांगितला तसाच."