दीक्षाच्या जामिनाला आजी उभी राहिली

विमलाबाईंना खोटं बोलता येत नाही, ही इंग्लंडातल्या लीड्सच्या बौद्ध विहारातली जुनी तक्रार. नागपूरहून नर्स म्हणून आल्या, हॉस्पिटलात हयात घालवली, पण जिभेला काही वळण लागलं नाही. भाजी खारट झाली तर करणारीला तोंडावर सांगून मोकळ्या. रविवारी पंचशील सगळेच म्हणतात. खोटं न बोलण्याचं शील घरी घेऊन जाणाऱ्या या एकट्याच.

अशा बाईला साक्षीला उभं करणं म्हणजे विस्तवाशी खेळ. पण इलाज नव्हता. नात दीक्षा युनिव्हर्सिटीत बॉम्बस्फोटांवर प्रबंध लिहीत होती. अतिरेक्यांना उपयोगी पडेल असं एक पुस्तक तिच्या लॅपटॉपवर सापडलं, आणि दहशतवादाच्या कलमाखाली पोरगी तुरुंगात गेली. खटला उभा राहायला वर्ष तरी लागणार. पहिल्यांदा जामीन फेटाळला, कारण बाप प्रणय सॉफ्टवेअरवाला, घरात जिकडेतिकडे कॉम्प्युटर. आता इंटरनेटपासून लांब, आजीच्या घरी ठेवू दिलं तरच सुटका. नाही तर वर्षभर कोठडी.

"घरात इंटरनेट चालणारं काही आहे?" सरकारी वकिलानं विचारलं.

"आहे," विमलाबाई म्हणाल्या. "टीव्ही. मुलाला सकाळीच म्हटलं, घेऊन जा. तो म्हणाला, टीव्हीचं कोण विचारतंय!"

प्रणयनं कपाळावर हात मारला. दीक्षाची वकील सारा, तिचा चेहराच उतरला. आरोपीच्या पिंजऱ्यात काचेमागे बसलेल्या दीक्षानं डोळे मिटून घेतले.

सरकारी वकिलाच्या हातात आयतं कोलीत मिळालं. "नातीनं नियम मोडला, तर लपवाल ना?"

"नातीवर जीव आहे माझा. म्हणून तर पहिला फोन पोलिसांना करीन. तिलाही ठाऊक आहे. विचारा तिला."

काचेमागे दीक्षा मान डोलावत होती, रडत आणि हसत.

जज विमलाबाईंकडे वळले. मग म्हणाले, "स्वतःच्या नातीला महाग पडेल असं खरं जी इथे बोलली, तिच्या पहाऱ्यावर मी विश्वास ठेवतो. टीव्ही आजच बाहेर काढा. जामीन मंजूर."

कोर्टात गलका करायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. विमलाबाई ताठ उभ्या राहिल्या आणि छप्पर हादरेल अशा आवाजात म्हणाल्या, "जय भीम!"

कर्मचारी गप्प करायला धावला. तेवढ्यात काचेवर दोन्ही तळवे टेकून पोरगी आजीच्या नागपुरी बोलीत ओरडली, "जय भीम, आजी! मी घरी येतो!"