सावरीचा डोंगा

एकोणीसशे पन्नास सालानंतरची गोष्ट. चांद्यात आम्ही चौघं-पाचजण सावरीच्या हलक्या लाकडातून पाण्यावर उतरणारी विमानं कोरायचो अन् रविवारी तलावात सोडायचो. त्यात लाकूड डेपोतले एक भाऊ होते. अर्धं वाक्य आम्हाला अन् अर्धं हातातल्या करवतीला सांगायचे. आमच्या विमानांना ते डोंगा, म्हणजे लाकडाची होडी, म्हणत, त्याचा मला भारी राग यायचा.

"भाऊ, विमान म्हणा ना!"

"पान्यात बसते ना? मंग डोंगाच," म्हणत ते भुसा फुंकायचे.

एका रविवारी माझं नवं विमान पाण्यात कललं. डाव्या पंखाखालचा तरता ठोकळा मी सरसानं चिकटवला होता. सरस पाण्यात विरघळला अन् ठोकळा शिंगाड्याच्या वेलांत कुठे गेला, सापडेना. सगळे हसले.

भाऊ हसले नाहीत. त्यांनी काडी ओढली, स्वतःच्या विमानाचा लाखेनं बसवलेला ठोकळा ऊब देऊन सोडवला अन् माझ्या पंखाखाली डकवला.

"अन् तुमचं, भाऊ?"

"माह्यं काठावरून पाह्यते. तुह्यं जाऊ दे."

माझं विमान वाऱ्यानं पार मधोमध गेलं. आपलं लंगडं विमान मांडीवर घेऊन भाऊ बघत राहिले.

माझं ते विमान आजही कपाटावर आहे. एका पंखाखाली माझा पांढरा ठोकळा, दुसऱ्याखाली त्यांचा हिरवा. पाहुणे विचारतात, "हे विमान असं दोन रंगांचं काऊन?"

"विमान नाई," मी म्हणतो, "डोंगा आहे तो."