चौसष्ट अँटेनांचा ठेका

आमच्या टेस्टिंगच्या खोलीला भिंतभर काळा फोम लावलाय, लहरी त्यात जिरतात. किस्सा मात्र एकही जिरत नाही!

मी मूळचा डिश-टीव्हीचा दुकानदार. इंजिनिअरिंग कॉलेज बाहेरूनच बघितलेलं. तरी सोलापूरच्या एमआयडीसीत शेड टाकली अन् फेज्ड-अ‍ॅरे अँटेना तपासायला घेतल्या. ताटाएवढ्या पॅनलवर चौसष्ट चिमुकल्या अँटेना. लेझीम पथकासारख्या सगळ्या ठेक्यात आल्या, की पॅनल जागचं न हलता लहरींचा झोत हवा तिकडं वळतो. हा ठेका जुळवणं म्हणजे कॅलिब्रेशन. पहिलं पॅनल, ते बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी पास केलं तर वर्षभराचं काम आमचं. नाहीतर शेडला कुलूप!

*

फोमचे टोकदार सुळके बघून शेजारचे अण्णा म्हणाले, "शेठ, गादी लई भारी, पण ह्याच्यावर झोपायचं कुणी?"

"लहरी झोपतात, अण्णा!"

"भाडं देत्यात का?"

*

उन्हानं केबली तापल्या की रीडिंग सरकतं. म्हणून आमच्या इंजिनिअर पल्लवी मॅडमनी फर्मान काढलं, "एसी तासभर चालल्याशिवाय टेस्ट नाही."

एप्रिलात अख्ख्या शेडला कॅलिब्रेशनची गोडी लागली!

*

एकदा झोत डावीकडं वळव म्हटलं की उजवीकडं जायचा. दोन दिवस डोकेफोड! मॅडमना डबा द्यायला त्यांचे वडील आले. आयुष्य चादरीच्या मागावर गेलेलं. स्क्रीनकडं बघून म्हणाले, "नक्षी उलटी आलीय की. नक्षीची भोकं पाडलेली कार्डं उलट्या क्रमानं ओवली असतील."

उघडून बघतो तर काय, केबलींची अख्खी ओळ उलटी जोडलेली!

*

अन् साहेब आले तो दिवस! आदल्या संध्याकाळी चौसष्टच्या चौसष्ट ठेक्यात होत्या. साहेबांसमोर बटण दाबलं, तर मधल्या तीन ओळी बेताल! साहेबांनी शेरा लिहायला पेन उघडलं.

मी धावत खोलीत शिरलो. पॅनलच्या मधोमध ओल्या भस्माचे तीन पट्टे!

"सिद्धाराम!"

आमचा टेक्निशियन, अक्कलकोटकडचा. तो शांतपणे म्हणाला, "मालक, लेकरू परीक्षेला मोकळ्या कपाळानं धाडत्यात व्हय?"

ओलाव्यानंच ठेका चुकला होता. मॅडमनी पॅनल पुसलं, वाळवलं. परत टेस्ट. चौसष्टच्या चौसष्ट ठेक्यात!

साहेबांनी "पास" लिहिलं, सही ठोकली, पेन खिशात ठेवलं. मग हळूच सिद्धारामजवळ गेले.

"भस्म उरलंय का हो? सोमवारी माझा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे."