कांदाचाळीसारखं स्वयंपाकघर

ज्या घरात एकदा मिस्त्री येऊन गेला त्या घरात किस्से साठत जातात. सांगायला बसलं की एकातून एक निघतो, आणि कुठला आधी घडला यावरून पुन्हा वाद! त्यामुळे मी सांगते तो क्रम माझा. थोरल्या जाऊबाईंना विचाराल तर त्या वेगळा सांगतील. आणि माझे सासरे, म्हणजे अण्णा, यांच्या मते तर यातलं काही घडलंच नव्हतं.

घर नाशिकरोडचं. अण्णा, सासूबाई म्हणजे आमच्या बाई, थोरले भाऊजी आणि त्यांच्या मालेगावच्या कुसुमताई, मग हे आणि मी येवल्याची शैला. घरात गॅस नुकताच आला होता, पण स्वयंपाकघर चुलीच्या काळातलंच होतं. सामान ठेवायला एक कोनाडा आणि एक फळी. बाकी संसार घरभर पसरलेला. गहू कॉटखाली, डाळी कपड्यांच्या कपाटात, लोणच्याच्या बरण्या रेडिओशेजारी. पाहुण्याला ‘बसा’ म्हणण्याआधी आम्ही खुर्चीवरचा डबा उचलायचो.

उन्हाळ्यातलं वाळवण एका जुन्या सुटकेसमध्ये असायचं. तिच्याशेजारी त्याच रंगाची दुसरी सुटकेस, ह्यांची. एकदा हे ऑफिसच्या ट्रेनिंगला मुंबईला गेले. गाडी गाठायच्या घाईत कॉटखाली हात घातला, हाताला लागली ती सुटकेस उचलली आणि निघाले. लॉजवर जाऊन उघडतात तर आत कुरडया! कडेपर्यंत गच्च. शर्ट-पँटी सगळ्या इकडे नाशिकरोडला.

परत आले ते दारातूनच तणतणत. “साहेबांनी विचारलं, रोज हाच शर्ट का?”

मी म्हटलं, “मग काय सांगितलंत?”

“काय सांगणार? म्हटलं, सर, बाकी सगळ्या कुरडया आहेत!”

त्याच संध्याकाळी अण्णांनी जाहीर केलं, “स्वयंपाकघर नवं करायचं. प्लॅन माझा!”

*

अण्णांची सगळी नोकरी पिंपळगावला, एका व्यापाऱ्याच्या कांदाचाळीवर मुकादम म्हणून झालेली. कांदाचाळ म्हणजे कांदा साठवायची लाकडी पट्ट्यांची लांबलचक खोली. पट्ट्यांमध्ये फटी, तळाखालून हवा, आणि समोरासमोर दोन रांगा सोडून मधे वाट. साठवण म्हटलं की अण्णांच्या डोळ्यांपुढे तेवढंच यायचं. त्यांनी खडू घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर चाळच आखली. डावीकडे एक कपाट, उजवीकडे एक, दोन्ही सारखी. दारं पट्ट्यांची, कप्पे पट्ट्यांचे.

“माल श्वास घेतो,” ते म्हणाले. “कोंडला की सडला. मधून वारा खेळला पाहिजे!”

बाई म्हणाल्या, “डाळ-तांदूळ कुठं श्वास घेत्यात?”

“तुला ऐकू येत नाय.”

दगू सुताराने आखणी पाहिली, कानामागची पेन्सिल काढली आणि गंभीरपणे विचारलं, “अण्णा, कांदा किती क्विंटल ठेवायचा?”

“डावं कपाट थोरलीचं, उजवं धाकटीचं,” अण्णांनी निकाल दिला. “म्हंजे भांडण नाय.”

त्यावर बाई एवढंच म्हणाल्या, “दोन कशाला? एकच मोठं करा की.”

बाई असं का म्हणाल्या ते आम्हा दोघी सुनांना कळलं. बाईंच्या माहेरी, निफाडकडे, त्यांचे दोघे भाऊ वेगळे झाले होते, आणि भिंत गेली ती थेट स्वयंपाकघरातून. माहेरी गेल्यावर बाईंना भिंतीच्या अलीकडे एक चहा आणि पलीकडे एक चहा घ्यावा लागायचा. परत आल्या की दिवसभर गप्प असायच्या. त्यातच थोरल्या भाऊजींना सातपूरला कारखान्याचं क्वार्टर मिळणार अशी कुणकुण होती. घरात त्यावर कोणी अवाक्षर काढत नव्हतं. आपलं घर फुटू नये, एवढंच बाईंना हवं होतं. अण्णांना मात्र मधून वारा हवा होता.

*

पहिला घोळ ओट्याचा. बाईंचे गुडघे धरलेले, म्हणून ओटा उभ्याने स्वयंपाक करायचा आणि बाईंच्याच मापाचा, असं ठरलं. अण्णांनी हाक मारली, “ये गं, उभी राहा इथं!”

जमिनीवर नुकतंच सिमेंट ओतलेलं, ओलं. बाईंनी आपल्या सवयीने पाट टाकला आणि पाटावर उभ्या राहिल्या. गवंड्याने कोपराखाली वीत मोजून भिंतीवर रेघ मारली. बाई पाटासकट निघून गेल्या.

कडप्पा बसला, शेगडी आली, आणि बाई पोळ्या करायला उभ्या राहिल्या तर तवा त्यांच्या छातीशी! ताई उंच, त्यांनाही खांदे उचलावे लागत होते. माझं तर विचारूच नका. मला कढईतलं काहीच दिसत नव्हतं, वासावरून ओळखायचं. ओटा एवढा वर गेला कसा हे कोणालाच कळेना. अण्णांनी टेप लावली, गवंड्याने टेप लावली, ह्यांनी टेप लावली. रेघ बरोबर, ओटा बरोबर.

शेवटी ताई म्हणाल्या, “अहो अण्णा, बाई त्या दिवशी पाटावर उभ्या होत्या!”

अण्णांनी ओट्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं. “ओटा बरोबर हाय,” ते म्हणाले. “जमीन खाली गेलीय!”

तेव्हापासून आमच्याकडे ओट्यापाशी कायमचा पाट पडला. नव्या माणसाला ठेच लागायची, आम्ही सवयीने चढायचो.

*

मग कपाटं आली. दिसायला देखणी, सागवानी, पट्ट्यापट्ट्यांची. ताईंनी हौसेने वरच्या कप्प्यात नवे स्टीलचे चमचे मांडले. खण्णकन आवाज झाला. एक चमचा फटीतून खालच्या कप्प्यात गेला, तिथून त्याच्या खालच्या, आणि शेवटी तळाशी. पाठोपाठ दुसरा.

ताईंना राग आला की त्या अहिराणीवर यायच्या. “मना चमचा कोठे शे?” त्या कपाटात डोकं घालून ओरडल्या.

सगळे चमचे तळाला गोळा झाले होते. त्यांच्याबरोबर दोन लवंगा, एक सुपारी आणि बाईंचं सकाळपासून हरवलेलं जोडवं. अण्णा वाकून बघत राहिले आणि खूश झाले. “बघा! चमच्यांनी आपली जागा आपणच शोधली!”

*

चाळीतला कांदा अधूनमधून हलवावा लागतो, खालचा वर, वरचा खाली. अण्णांनी तोच नियम आमच्या डब्यांना लावला. दर रविवारी चहा झाला की बाह्या सरसावायचे आणि दोन्ही कपाटांतले डबे फिरवायचे. मागचा पुढे, पुढचा मागे, डावीकडचा उजवीकडे. डबे सगळे एकाच मापाचे, एकाच चकाकीचे. सोमवारी सकाळी आम्ही दोघी त्या कपाटांपुढे परक्या घरात आल्यासारख्या उभ्या राहायचो. मोहरीच्या जागी साबुदाणा, साबुदाण्याच्या जागी शिकेकाई. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तर तिला म्हणायचो, “बसा, शोधतो.”

एका दिवाळीला मी अंगणात ठिपक्यांची मोठी रांगोळी काढली. हात उठवून बघितलं, सुंदर आली होती. आत जाऊन साडी बदलून बाहेर येते तर एक पाकळी गायब! जरा वेळाने दुसरीही निघाली. मुंग्यांची रांग लागली होती. मी तांदळाच्या पिठाने रांगोळी काढली होती.

“अहो अण्णा, तुमचे डबे!” मी जवळजवळ रडकुंडीला आले.

अण्णा उंबऱ्यावर उभे राहून शांतपणे मुंग्या न्याहाळत होते. “जावक चांगली हाय,” ते म्हणाले.

आता प्रश्न असा, की रांगोळीचा डबा ओट्यावर कोणाच्या हाती लागला? ताई नुकत्याच पीठ लावून भाकऱ्या थापून गेल्या होत्या. त्या दिवशी जेवताना प्रत्येकजण भाकरी उलटून बघत होता. कचकच लागली नाही, पण भूकही लागली नाही.

*

एकसारखी दोन कपाटं हातगाडीवरून उतरताना शेजारच्या काकूंनी पाहिली होती. पुढे गॅसचा दुसरा सिलिंडर आला तोही पाहिला. काकू आमच्या बाईंना दारात गाठून हळू आवाजात म्हणाल्या, “समजुतीनं झालं ना सगळं? ते महत्त्वाचं.”

बाई आत आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, “काही नाय गं.”

आणि पुढच्याच रविवारी बाईंचे धाकटे भाऊ, आमचे मामा, निफाडहून हजर! हातात द्राक्षांची पेटी, डोक्यावर टोपी आणि चेहरा दहाव्याला आल्यासारखा. बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली देव जाणे. आम्हाला वाटलं, नवं स्वयंपाकघर बघायला आले. अण्णांनी तर त्यांना आधी ओटाच दाखवला.

मामांनी चहा नाकारला. सतरंजीवर बसले आणि म्हणाले, “आता आडपडदा नको. मोकळं बोला. कुसुम, तू थोरली. तुला काय पाहिजे?”

ताईंना वाटलं, कप्प्यांचं विचारतायत. “मला खालचे दोन पुरेत, मामा. वरचे शैलाला द्या.”

मामांनी मान हलवली. “मोठं मन हाय तुझं. आन् शैला?”

मी म्हटलं, “मला खिडकीकडची बाजू मिळाली म्हणजे झालं. उजेड येतो.”

“बरं. दारं?”

“दारं वेगवेगळीच आहेत की!” अण्णा अभिमानाने म्हणाले. “दोघींना सारखी. मी सोता उभं राहून करून घेतली.”

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “समदं ठरवूनच बसलाय तुम्ही. मग एवढंच सांगा, माझी बहीण कुणाकडं?”

“बाई ना?” ताई म्हणाल्या. “बाई मधे उभ्या राहतील. दोन्हीकडे हात पोचतो त्यांचा!”

मामा ढसाढसा रडायला लागले. ते रडतायत म्हणून बाई रडायला लागल्या. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. हे पाणी आणायला धावले आणि घाईत पाटाला अडखळून पडले. अण्णा पुन्हा पुन्हा विचारत होते, “अरे, पण झालं काय? पट्ट्या आवडल्या नाय का?”

उलगडा व्हायला बराच वेळ लागला. झाला तेव्हा मामांनी डोळे पुसले, चहा मागवला आणि इतके हसले की द्राक्षं सांडली. “फक्त कपाटं! आन् मी इथं वाटण्या करायला बसलो!” बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. आम्ही सगळेच हसत होतो.

थोरले भाऊजी तेवढे हसत नव्हते. ते म्हणाले, “मामा, आलाच आहात तर तुमच्यासमोरच सांगतो. क्वार्टर मंजूर झालंय. उद्या सोमवारी हो की नाही ते कळवायचंय.”

ताई चहाच्या कपांकडे बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं, आणि ताईंकडे बघावं की बाईंकडे, हेच कळेना. बाई उठल्या आणि आत गेल्या.

*

संध्याकाळी मामा गाडीला निघाले. आम्ही सगळे त्यांना सोडायला एसटी स्टँडवर गेलो. बाई म्हणाल्या, माझे गुडघे दुखतायत, मी घरीच थांबते.

परत आलो तेव्हा स्वयंपाकघर झाडून-पुसून लख्ख होतं, दोन्ही कपाटं बंद होती आणि बाई ओट्यापाशी पाटावर बसून मेथी निवडत होत्या.

“चहा टाका गं,” भाऊजी म्हणाले.

ताईंनी आपलं कपाट उघडलं. चहाची पूड होती, साखर नव्हती. साखर निघाली माझ्या कपाटात. गाळणी माझ्याकडे, चहाचं पातेलं त्यांच्याकडे. आम्ही एकमेकींना ओलांडून हे उघड, ते उघड करायला लागलो. खल डावीकडे, बत्ता उजवीकडे. पोळपाट माझ्या कप्प्यात, लाटणं ताईंच्या. मिसळणाचा डबा इकडे, त्याचं झाकण तिकडे. जातं होतं तेसुद्धा निम्मं-निम्मं, खालची तळी त्यांच्याकडे आणि वरची माझ्याकडे. ती बाईंनी एकटीने कशी उचलली कोणास ठाऊक.

अण्णा दोन्ही कपाटांच्या मधे उभे राहिले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. “ही कुठली पद्धत?” ते म्हणाले. “ही चाळीत नाय!”

भाऊजी दारातून बघत होते. “बाई, अगं, हे काय करून ठेवलंस? उद्या आम्ही सातपूरला जायचं म्हटलं, तर हे कपाट न्यायचं कसं?”

बाईंनी मेथीची काडी बाजूला टाकली.

“न्या की. कोण नको म्हणतंय?” त्या म्हणाल्या. “कुकर कुसुमच्या कपाटात हाय. शिट्टी तेवढी शैलाच्यात हाय!”