विसापूरच्या धुक्यात मारलेली हाक

चुरगळलेल्या सोनकीचा कडसर वास आला की अजूनही माझे तळहात गार पडतात. भाद्रपदात लोणावळ्याच्या बाजारात रानफुलांच्या जुड्या येतात. इतर बायका त्या हौसेने हुंगतात. मी पदर नाकाशी धरून पुढे सरकते. त्या वासाला माझ्या मनात एकच जागा आहे, विसापूरचा माथा, आणि एकच वेळ, दुपार कलंडून धुके दाटले ती.

लग्नानंतर आमचे बिऱ्हाड तुंगार्लीत होते. यजमान रेल्वेच्या कचेरीत कारकून होते आणि सुटीच्या दिवशी त्यांचे पाय घरात ठरत नसत. मावळातली जुनी गावे, ढासळलेले बुरूज, वेशीबाहेरचे वीरगळ, कातळात खोदलेली टाकी, हे सारे त्यांना नात्यातल्या माणसांसारखे होते. ते मलाही बरोबर नेत. नऊवारीचा काष्टा आवळून मी निघाले की शेजारीण ओसरीवरून विचारी, "आज कोणता किल्ला सर करायचा, वहिनी?" मला त्या टोमण्याचे काही वाटत नसे. वडिलांनी लहानपणीच मला वृत्ते शिकवली होती आणि शब्दांआधी कान उघडे ठेवायला शिकवले होते. औंढ्याच्या शिवारातली भाताची सळसळ, वीरगळावर बोट फिरवताना अचानक हाताला लागणारी घोड्याची मान, टाक्यातल्या पाण्याची दगडी चव, यांच्याखातर मी कितीही चालले असते.

मात्र एका बाबतीत मी आईपेक्षा तसूभरही वेगळी नव्हते. यजमानांचे नाव मी घेत नसे. नाव घेतले की नवऱ्याचे आयुष्य कमी होते, हे इतक्या लहानपणी कानांवर पडले होते की ते खरे मानावे की नाही, हा प्रश्नच कधी उभा राहिला नाही. उखाण्यात तेवढी मुभा. लग्नात मी स्वतः रचलेला उखाणा घेतला होता, मंगळागौरीलाही तोच. एरवी "अहो".

त्या दिवशी आम्ही मळवलीला गाडीतून उतरलो आणि भाज्याहून वर निघालो. वाटेत गावातली एक मावशी भेटली. पावसाळाभर तिच्या म्हशी गडावर चरत, त्यांच्याकडे ती चालली होती. ओल्या पायऱ्यांवरून ती अनवाणी पुढे आणि आम्ही धापा टाकत मागे.

"भाऊ, वर धुकं आलं तर हाय तितंच बसायचं," ती मागे न बघता म्हणाली. "आन् नुसती हाक आयकून हलायचं न्हाई. गुराखी चहूकडनं वराडत्यात, कडा त्योच आवाज माघारी फेकतोय. माझा दीर असाच कुनाच्या तरी हाकंला ओ देत गेला, त्यो कड्यावरनं खाली."

"मग करायचं काय?" यजमानांनी विचारले.

"नावानं हाक आली तरच ओ द्याची. हुडकनारा तुमच्या ‘ओ’च्या अदमासानं येतोय. आमची समद्यांची हीच रीत."

यजमान हसले. "मग माझं कठीण आहे, मावशी. ही मला जन्मात नावाने हाक मारायची नाही."

"मग बसा की तितंच. दसऱ्याला म्हशींसंगं न्हेऊ खाली."

आम्ही सगळेच हसलो. पण मावशी थांबली, वळली, आणि त्यांच्याकडून शब्द घेतल्याशिवाय पुढची पायरी चढली नाही. नावाने हाक आल्याशिवाय हलणार नाही, ओही देणार नाही, असा शब्द यजमानांनी दिला. दिलेला शब्द ते मोडत नसत. त्यांच्या या गुणाचा मला तोवर अभिमानच वाटत आला होता.

माथा सोनकीने पिवळा झाला होता. छप्पर नसलेल्या घरांच्या भिंतींतून वारा ये-जा करत होता. माझ्या टाचेत काटा मोडला होता म्हणून मी मावशीजवळ एका जोत्यावर टेकले. यजमान म्हणाले, "तटाकडे एक तोफ पडली आहे म्हणतात, बघून आलो," आणि फुले तुडवीत गेले. तुडवल्या फुलांचा तो वास त्यांच्या मागोमाग माझ्यापर्यंत आला.

मग लोहगडाकडच्या खिंडीतून धुके चढले. ते आले असे म्हणण्यापेक्षा समोरचे एकेक नाहीसे होत गेले. आधी तट, मग पडक्या भिंती, मग फुलांचा पिवळा रंग, शेवटी माझीच पावले. उरला तो फक्त वास आणि अंगाला चिकटणारा गारवा.

"अहो!" मी हाक मारली.

डावीकडून "अहो" आले, मागून आले, आणि जिथे जमीनच नाही त्या पोकळीतूनही माझ्याच आवाजात आले. त्या पोकळीतल्या हाकेमागे ते निघाले तर? मी तोंडावर हात दाबला. तेवढ्यात कुठेतरी एक दगड सुटला. गडगडला, आणि मग बराच वेळ काही ऐकू आले नाही. शेवटी खोल तळाशी तो आपटला.

मावशीने हाताचा भोंगा केला. "भाऊ! ओ भाऊ!"

धुक्यातून पुरुषाचा आवाज आला, "काय गं? म्हस घावली का?"

"तुला न्हाई बोलावलं, मुडद्या! गप ऱ्हा!" ती ओरडली, आणि माझ्याकडे वळली. "बगितलंस? हितं समदेच भाऊ. नाव सांग तेंचं, म्या वरडते."

मी तोंड उघडले. आणि नुसती नकाराची मान हलवली.

"आगं मग पोराच्या नावानं हाक मार. अमक्याचे बाबा म्हन. आमी बाया तसंच करतो."

"मूल नाही, मावशी."

मग तिचा खरखरीत हात माझ्या पाठीवर आला. "दीस चाललाय, पोरी," ती हळू म्हणाली. "अंधार पडल्यावर म्याबी काय करनार?"

मी त्यांना पुरती ओळखत होते. ते धड असतील तर दिलेल्या शब्दाखातर ओठ मिटून बसले असतील. तो दगड त्यांच्या पायाखालचा असेल, तर बोलायला ते नसतील. शब्द पाळणाऱ्याचे मौन आणि कोसळलेल्याचे मौन, धुक्यात दोन्ही सारखीच. ती वेगळी करणारे एकच अक्षरधन माझ्यापाशी होते, त्यांचे नाव, आणि ते उच्चारले तर त्यांचे आयुष्य माझ्याच तोंडून झिजणार होते. न बोलले तर कडा, बोलले तर मी.

मी उभी राहिले. नाव ज्या एकाच वाटेने कधी ओठांवर आले होते, तीच वाट गळ्याने धरली.

"इंद्रायणीच्या पाण्यात हलतो पहाटतारा," मी किंचाळले, "…रावांच्या सोबतीने चढेन डोंगर सारा!"

मधले नाव मी आजही कागदावर उतरवत नाही. त्या वेळीही ते यमकांच्या गर्दीत बुडाले. कड्याने उखाण्याचे तुकडे केले. तारा, सारा, तारा, असे काहीतरी इकडून तिकडे फिरत राहिले आणि विरले.

"आगं बये!" मावशीने माझा दंड धरून गदगदा हलवले. भीतीतही तिला हसू फुटले होते. "हितं काय लगीन लागलंय? नुसतं नाव घे. उघडं नाव!"

मी डोळे मिटले. गळ्यातले मंगळसूत्र मुठीत घट्ट धरले. "राव" गाळले, "अहो" गाळले, आणि सासूबाई त्यांना जेवायला बोलावताना मारीत तशी, नावाची उघडी हाक मारली.

कड्याने ते नाव माघारी दिले. मग पुन्हा, जरा बारीक. मग आणखी बारीक. दर खेपेला मला वाटे की त्यांचे एकेक वर्ष माझ्या डोळ्यांदेखत खिंडीत उतरते आहे. मावशीने श्वास रोखला होता. वाराही पडला. सोनकीच्या पाकळीवरून थेंब गळाल्याचा आवाज मला ऐकू आला.

आणि मग तटाच्या बाजूने, मला वाटले होते त्याहून कितीतरी जवळून, गारठलेल्या पण ओळखीच्या स्वरात उत्तर आले.

"ओ."